यादी वाचली का?

दचकू नका, मी पॅकेज मॅनेजर बोलतोय. मला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात, तोच मी. एका कमांडसरशी मी भांडारातून सॉफ्टवेअर आणतो, ते अस्सल आहे ना हे तपासतो, त्याला लागणारे सोबती शोधून आणतो आणि सगळ्यांना कॉम्प्युटरमध्ये नीट बसवतो. नकोसं झालं की काढूनही टाकतो.

माझा जन्म कुणा आळशी माणसाच्या कृपेने झाला असावा. एकेका सॉफ्टवेअरचे सोबती हाताने गोळा करून तो वैतागला असणार. अशा आळशांचं भलं होवो.

माझा मुक्काम ब्रेल पुस्तकांच्या एका छोट्या छापखान्यात आहे. मुद्रितं तपासणाऱ्या ताईंना दिसत नाही. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज कॉम्प्युटरमध्ये आहे, तो त्या हेडफोनवर ऐकतात. माझी लांबलचक यादीही शेवटपर्यंत ऐकतात आणि मगच ‘हो’ म्हणतात. दुसरा माणूस म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारा तंत्रज्ञ. त्याला सगळे झटपटराव म्हणतात, कारण माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं ‘हो’ तयार असतं. डोळे असून माणसं वाचत का नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

गेल्या महिन्यात भूगोलाचं पुस्तक छापायला घेतलं होतं. छपाईच्या शेवटच्या दिवशी चार वाजता ते न्यायला शाळेची गाडी येणार होती आणि शेवटचा धडा ताईंनी तपासायचा राहिला होता. तो राहिला असता तर मुलांचं सत्र पुस्तकाविनाच सुरू झालं असतं.

ताई जेवायला गेल्या आणि झटपटरावाला साफसफाईची हुक्की आली. त्याने गाण्यांचं एक जुनं सॉफ्टवेअर काढायला सांगितलं. मी विचारलं, त्याच्यासोबत आलेले हे अकराही काढू का? त्याने ‘हो’ ठोकलं. त्या अकरांत ताईंचा आवाज होता. गाण्यांसोबत आलेला म्हणून मी त्याची नोंद तशीच ठेवली होती. तो ताईंना लागतो हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. थोडा दोष माझाही.

ताई परतल्या, हेडफोन लावले, एक कळ दाबली, दुसरी दाबली. काहीच ऐकू येईना.

“अरे, काय केलंस?”

“काही नाही ताई, जरा साफसफाई.”

“यादी वाचली होतीस?”

झटपटराव मान खाजवत राहिला. “मोठी होती हो.”

“मग आता वाच. पॅकेज मॅनेजरच्या वहीत सगळं असतं. मोठ्याने वाच.”

तो वाचू लागला. माझ्या यादीतली नावं अशी अडखळत, एकेक करून, त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सहाव्या नावाला ताई म्हणाल्या, “थांब. तोच माझा आवाज.”

त्या कमांड सांगत गेल्या, तो टाइप करत गेला. घाईघाईत तो कॉम्प्युटरच्या मालकाचा पासवर्ड द्यायला विसरला; त्याच्याविना मी काहीच बसवत नाही, म्हणून साफ नकार दिला. दुसऱ्यांदा त्याने सगळं रीतसर केलं आणि मी कामाला लागलो. दोन मिनिटांत आवाज आणि त्याचे सोबती घरी परतले. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला; मला श्वास असता तर मीही टाकला असता. त्यांनी शेवटचा धडा तपासून छापायला दिला; गाडीवाल्याला दहा मिनिटं खोळंबावं लागलं, पण भूगोल शाळेत गेला.

आता एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर आणून देणारी नवी मंडळी आली आहेत, त्यामुळे माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. माझी तक्रार नाही. फक्त मी काही विचारलं तर क्षणभर थांबा आणि वाचा, एवढंच मागणं आहे.

झटपटराव तर हल्ली प्रत्येक यादी मोठ्याने वाचतो. परवा ताई हसून म्हणाल्या, “अरे, मला ऐकू येतंय आता. कशाला घसा कोरडा करतोस?”

“वाचू द्या ताई. त्या दिवशी तुम्ही कळा दाबत होता आणि मी बघत होतो. विसरता येत नाही.”

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “बरं, वाच,” त्या म्हणाल्या.