तीन चाकांवरचा ब्रेक

महाडच्या गॅरेजातली नोकरी मी एका पाइपापायी सोडली. "त्या चाकाच्या ब्रेकचा पाइप फुटलाय, चेपून टाक, तीन चाकांच्या ब्रेकवर जाईल गाडी," मालक म्हणाला आणि मी, गाढव, तसं केलं. टेम्पो उतारावर उलटला. ड्रायव्हरचा पाय गेला. दुसऱ्याच दिवशी मी नोकरीला रामराम ठोकला. "आता खायचं काय?" बायको, सारिका, म्हणाली. मोटारसायकलला हत्यारांची पेटी बांधली आणि जिथं गाडी बंद पडेल तिथं जायला लागलो.

महिन्याभरात चार फोन आले. पाचवा उमरठच्या पुढून, आमच्याच वाडीतल्या दीपकचा. त्याचा बाप, हैबतीकाका, मुंबईत वारला होता आणि प्रेत आणणारी गाडी चढावर अडकली होती. जाऊन बघतो तर ब्रेकचा पाइप फुटून तेल सांडलेलं. नवा पाइप महाडहून आणायचा तर दोन तास. उजेड उरला तासाभराचा, आणि आमच्या वाडीत दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत.

"अनिल, पाइप चेप नि सोड गाडी," दीपक म्हणाला. "वाडी ही काय, इथंच हाय."

"नाय जमणार."

"अरे, माझा बा हाय आत!"

"आणि आय पण हाय! पुढचा उतार ठावूक नाय तुला? नाय म्हंजे नाय!"

त्यानं माझी गचांडी धरली. "तुला कामावरनं हाकलला तो उगाच नाय," म्हणाला. नोकरी तर मीच सोडली होती. अस्सा राग आला! डोळ्यांत पाणीच आलं. पण मी चाकांना धोंडे लावले आणि ड्रायव्हरकडून किल्ली घेऊन खिशात घातली.

तेवढ्यात आवडीकाकी, हैबतीकाकांची बायको, गाडीतून उतरली. "खांद्यावर न्या त्यांना," एवढंच म्हणाली.

जवळच्या घरातून बांबू आणून तिरडी बांधली. पुढच्या बाजूला एक खांदा दीपकचा, एक माझा, मागं गाडीतून आलेले नातेवाईक. तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही नाही. चढ संपला आणि उतार लागला.

उताराच्या तळाशी, वळणावर, सगळी वाडी काकांना घ्यायला रस्त्यात येऊन उभी होती. म्हातारी माणसं, बायका, आणि सगळ्यांच्या पुढं पोरं.

दीपक जागीच थांबला. त्यानं उतार बघितला, पोरं बघितली. मागनं कुणीतरी मला म्हणालं, "दमला असशील, दे माझ्याकडं."

"नको," दीपक म्हणाला. "स्मशानापत्तुर तोच ऱ्हाऊ दे."