कच्चा टाका

"रेडीमेडच घेऊन टाकू," रुपराव मेश्राम म्हणाले, तेव्हा प्रेमिलाबाईंनी पोळी लाटणं थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. अंगात ताप वगैरे आहे की काय, असंच त्यांना वाटलं.

वाटणारच. इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत निम्म्या घरांतले रेडिओ रुपरावांच्या हातचे होते. दुकानातली तयार वस्तू पाहिली की हा माणूस आधी नाक मुरडायचा, मग ती उलटी करून मागचे स्क्रू बघायचा. घरातला टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जोडला होता. पाहुणे बातम्या बघायला यायचे आणि रुपराव त्यांना टीव्हीची पाठ उघडून दाखवायचे. बिचारे पाहुणे माना डोलवायचे आणि चहा कधी येतो याची वाट पाहायचे.

आता प्रश्न कॉम्प्युटरचा होता. सत्त्याऐंशी साल. लतिकाची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि परीक्षा झाली की कॉम्प्युटर, असं रुपरावांनी वर्षापूर्वीच कबूल केलं होतं. तिच्या वर्गातल्या शामलाकडे एक होता. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, थोडा वेळ कर्रर्र आवाज व्हायचा आणि पडद्यावर विटांची भिंत उभी राहायची. मग चेंडू मारून ती फोडत बसायचं. लतिका तो खेळ एकदाच खेळली आणि खेळापेक्षा त्या डब्यात काय आहे याचंच तिला वेड लागलं. बापाचीच लेक ती.

तसा कॉम्प्युटर बर्डीच्या बाजारात ताराचंदच्या दुकानात तयार मिळत होता. दुसरा रस्ता म्हणजे दिल्लीहून पार्सल मागवायचं. त्यात सगळे सुटे भाग, एक बोर्ड आणि जोडणीचा नकाशा यायचा. घरी बसून एकेक भाग शिशाचा टाका मारून जोडायचा.

"बाबा, आपण दोघं जोडू न," लतिका म्हणाली. "तुम्ही सांगा, मी करीन."

"वेळ कोणाले आहे वं? सकाळी सहाले कंपनीची बस येते. रेडीमेड आण, वायर लाव, खेळ."

"काहून पण? शेजारच्या यमुताईचा रेडिओ जोडाले वेळ होता. माझ्यासाठीच नाही?"

रुपरावांकडे उत्तर होतं. ते त्यांच्या उजव्या हातात होतं आणि तो हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

दिवाळीपासून तो हात थरथरत होता. सायकल चालवताना काही नाही, जेवताना फारसं नाही, पण बारीक काम हाती घेतलं की मनगटापासून सुरू व्हायचं. हिंगण्याच्या कंपनीत अठरा वर्षं त्यांनी टाके मारले होते. नवी पोरं त्यांच्या टेबलाशी उभी राहून बघायची. डिसेंबरात त्यांनी साहेबांना सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो, मला पॅकिंगला द्या. घरी सांगितलं, चेकिंगला घेतलं, मान वाढला. प्रेमिलाबाईंनी त्या दिवशी शिरा केला. तो शिरा रुपरावांनी कसा खाल्ला असेल ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरकडे ते गेलेच नाहीत. डॉक्टरनं दुखण्याला नाव दिलं की ते खरं होतं, अशी त्यांची समजूत. चांगला शहाणासुरता माणूस, पण भीतीपुढे शहाणपण टिकत नाही.

प्रेमिलाबाईंनी पोरीची बाजू घेतली. "मागव वं तू पार्सल," त्या म्हणाल्या. "डबा घरात आला की तुह्या बाबाचे हात आपोआप खाजवतात, पाहून घे."

पार्सल आलं. लतिकानं मे महिनाभर खिडकीपाशी बसून टाके मारले. पहिल्या दिवशी बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी तीन भाग उलटे बसले, पण आठवडाभरात तिचा हात बसला. रुपराव लांबून पाहायचे. पोरगी तार तापवायची, शिसं टेकवायची, मोजून दोन श्वास थांबायची आणि उचलायची. टाका मोहरीच्या दाण्यासारखा गोल आणि चकचकीत. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. रुपरावांना आनंद व्हायचा, आणि लगेच ते नजर दुसरीकडे वळवायचे.

शेवटी राहिला मधला, मुख्य चिप बसवायचा मोठा सॉकेट. चाळीस पाय, एकाशेजारी एक, मध्ये केसाएवढी जागा. तो तिनं मुद्दाम मागे ठेवला होता.

"हा तुमच्या हातचा पाहिजे, बाबा. मी काही याले हात लावत नाही."

"पाहू," रुपराव म्हणाले. असे चार रविवार गेले. तोवर निकाल लागला, लतिका पहिल्या वर्गात पास झाली आणि तिनं पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला. शाखा एकच लिहायची होती तिला, इलेक्ट्रॉनिक्स. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याच दिवशी फॉर्म भरते, असं तिनं आईला सांगून ठेवलं.

पाचव्या रविवारी दुपारी मायलेकी विहारात गेल्या आणि घर रिकामं झालं. रुपराव खिडकीपाशी बसले. आपल्या पोरीला नाही म्हणायचं तरी किती दिवस? डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी पहिले सहा पाय जोडले. बरे जमले. सातव्याला हात उसळला. शिसं दोन पायांच्या मध्ये वाहिलं. ते काढायला गेले तर आणखी पसरलं. घाईघाईनं खरवडलं, तशी बोर्डावरची तांब्याची बारीक पट्टीच उखडून वर आली. ती एकदा उखडली की बोर्ड गेला. रुपरावांनी ती नखानं खाली दाबली, वरून शिसं ओतलं आणि उरलेले पाय कसेबसे उरकले. घामानं बनियन भिजून गेलं होतं.

लतिका आली आणि नाचायचीच बाकी राहिली. "आई, बाबांनी लावला! पाहा, बाबांनी लावला!" तिनं चिप बसवली, वायर जोडली, बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुन्हा दाबलं. मुंग्याच.

ती बोर्ड घेऊन त्यांच्यासमोर बसली. "माझं कुठं चुकलं, बाबा?"

बापाच्या हातचं चुकलं असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. रुपरावांनी भिंग डोळ्याला लावलं. खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता. प्रेमिलाबाई दारात उभ्या होत्या, पोरगी तोंडाकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "टाका कच्चा आहे वं तुहा."

"कोणता?"

"एक असता तं सांगितला असता. बरेच आहेत. उष्णता जास्त लागली, बोर्ड जळला."

लतिका रडली नाही. तिनं बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. दोन दिवसांनी ती कॉमर्सचा फॉर्म भरून आली. पॉलिटेक्निकचा कोरा फॉर्म टीव्हीवर पडून होता. शनिवार शेवटची तारीख. रुपराव रोज येता-जाता तो पाहायचे. बुधवारी त्यांनी सांगायचं ठरवलं. गुरुवारीही ठरवलं. शुक्रवारी पॅकिंगच्या खोक्यांना दोऱ्या बांधताना सगळी वाक्यं मनात जुळवली आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवले. शनिवार गेला. मला तर त्यांचा रागच येतो. हात थरथरतो यात माणसाचा काही दोष नाही, पण तोंडाला काय झालं होतं?

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, "चल, बर्डीवर जाऊ. रेडीमेड घेऊन येऊ."

"कशाले आता?" लतिका म्हणाली, पण आली.

ताराचंद जुना ओळखीचा. "या भाऊ, जयभीम!" म्हणत त्यानं काउंटरवर नवाकोरा कॉम्प्युटर काढून ठेवला आणि हसायला लागला. "काय दिवस आले बाप्पा! रुपरावभाऊ माझ्या दुकानात रेडीमेड घ्याले आले! का रे भाऊ, हातांनी संप केला का?"

रुपरावही हसले. हसावं लागलं.

"आणि ही तर तुमची लेक. इले शिकवा न. हिच्या हातानं बनवून घ्या."

"बनवला होता काका मी," लतिका म्हणाली. ती कॉम्प्युटरकडे बघतसुद्धा नव्हती. "मले नाही जमत. बाबांनी त्यांचं काम चांगलं केलं होतं, माझ्याच हातात खोट आहे."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. ती हे मनापासून मानून बसली होती, आणि आता ओळखीच्या माणसांना असं सांगत फिरणार होती. कॉलेजात, सासरी, उद्या स्वतःच्या लेकरांना. मले नाही जमत.

रुपरावांनी उजवा हात काउंटरच्या काचेवर ठेवला आणि ताराचंदच्या टेबलावरचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर उचलून बोटांत धरला. त्याचं टोक काचेवर टकटक वाजायला लागलं. वाजतच राहिलं. ताराचंदचं हसू मावळलं.

"दिवाळीपासून असंच आहे," रुपराव म्हणाले. "सॉकेटची पट्टी मी उखडली, लतिका. तुहे टाके चांगले होते."

लतिका त्या हाताकडे बघत होती. "किती चांगले होते?"

"सगळे."

"एकही कच्चा नव्हता?"

"एकही नाही. मी खोटं बोललो."

तिनं त्यांच्या बोटांतून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि जागेवर ठेवला. मग ताराचंदला म्हणाली, "काका, ठेवून द्या हा," आणि दुकानाबाहेर पडली. रुपराव मागे निघाले. गर्दीतून ती भराभर पुढे चालत होती आणि त्यांना गाठता येईना. बसस्टॉपवर ती थांबली, तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"दुखते का हात?"

"नाही."

"आईले माहीत आहे?"

"कोणालेच नाही."

"आज आईले सांगायचं. तुम्ही सांगायचं. उद्या मेडिकलच्या दवाखान्यात जाऊ, मी येईन तुमच्यासंगं."

रुपरावांनी मान हलवली. पोरगी सोबत येते म्हणाली, एवढ्यानंच त्यांचं मन भरून आलं. "फॉर्मचं काय करू वं आता? मी पॉलिटेक्निकात जाऊन तिथल्या साहेबाले विनंती करतो. हातपाय जोडतो."

"तारीख गेली. पुढच्या साली भरीन." बस येताना दिसली तशी ती पुढे सरकली. "आणि दुसरा बोर्ड मागवीन. सॉकेटसुद्धा मीच लावीन. पण चालला नाही न बाबा, तं तुमाले नाही दाखवणार."

बसमध्ये तिनं त्यांना खिडकीची जागा दिली आणि स्वतः उभी राहिली.