रोजरीत घेतलेलं नाव

यतीनने कागद रीमापुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"वाचलं नाहीस तरी चालेल. एवढंच आहे, की तुला फिट येतात हे तूच लोकांना सांगितलंस. सही केलीस की संपलं."

संपलं म्हणे! उद्या सरकारी चौकशी अधिकारी बोळिंजच्या या हॉस्पिटलात येणार होते, पेशंटची खाजगी माहिती बाहेर गेली कशी ते विचारायला. तक्रार रीमाची. हॉस्पिटल यतीनच्या थोरल्या बहिणीचं, डॉक्टर विनिताचं, कारभार यतीनचा. माहिती बाहेर नेली होती मेट्रन सुझानने, आणि तीही काही चोरून नव्हे. वटार गावात एका घरी रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत डोळे मिटून ती म्हणाली होती, "आपल्या रीमाला फिट येतात, तिच्यासाठी प्रार्थना करू या." रीमा तिथेच, चटईवर गुडघे टेकून. शेजारी होणारा नवरा कॉन्रॅड, त्याची आई. सुझानबाईंनी अगदी मनापासून प्रार्थना केली, आणि त्याच आठवड्यात ठरलेलं लग्न मोडलं.

आता सुझान भिंतीला टेकून उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

रीमाने कागद वाचलाच. शेवटपर्यंत.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सर. कॉन्रॅडला सांगणार होते. पण मी, माझ्या तोंडाने."

"अगं, सुझान आंटी काय परकी आहे? तुझ्या वाईटावर होती का ती? तिची नोकरी जाईल. उद्या हॉस्पिटलला टाळं लागलं, तर अडीअडचणीला कुठे धावणार तुम्ही लोक?"

भलताच हुशार माणूस! धमकी द्यायची, तीसुद्धा काळजीच्या आवाजात. रीमाने सुझानकडे पाहिलं. लहानपणी इंजेक्शन टोचून झालं की ही बाई तिला कडेवर घेऊन बाहेर अंगणात फिरवायची. रीमाने पेन उचललं.

टेबलापलीकडे बसलेल्या विनिताने कागद ओढून घेतला आणि टराटरा फाडला.

"ताई, वेड लागलंय का तुला? वकिलांनी सांगितलंय..."

"वकिलांना म्हणावं, तुम्ही या उद्या माझ्या खुर्चीत बसायला. मी खोटं बोलणार नाही, आणि हिच्याकडून तर मुळीच वदवून घेणार नाही. माहिती आपल्याकडून गेली, असं मी चौकशीच्या साहेबांना सरळ सांगणार. पेशंटचं काही बाहेर सांगायचं नाही, हे मी इथे कुणाला कधी बसवून सांगितलंच नाही, तेही सांगणार. आणि सुझानला काढून स्वतःची कातडी वाचवणार नाही. टाळं लागायचं तर लागू दे!"

मग ती सुझानकडे वळली.

"आणखी कुणाची नावं घेतलीस गं प्रार्थनेत?"

"सगळ्यांचीच, मॅडम," सुझान पुटपुटली. "बरे व्हावेत म्हणून."

"मग त्यांचीही माहिती बाहेर गेली, हे त्या सगळ्यांना मी स्वतः सांगेन. एकेकाला भेटून."

"कर, काय करायचं ते कर!" म्हणत यतीन खुर्ची ढकलून निघून गेला.

सुझान पुढे आली आणि तिने रीमाचे दोन्ही हात धरले.

"चुकले गं बाय मी. येत्या रोजरीला सगळ्यांसमोर उभी राहून तुझी माफी मागते."

रीमाने हात सोडवून घेतले नाहीत.

"माफी मागताना नाव कुणाचं घ्याल, आंटी?"

मग रीमाच पुढे म्हणाली,

"इथेच मागा. आपण दोघीच असताना."

विनिता उठली, बाहेर गेली आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.