फेरमोजणी

चौथा तास संपला तेव्हा टोणप्यांच्या रक्तातून काढलेला माणूस शेजारच्या खुर्चीत बसून सदऱ्याची बटणं लावत होता. डायलिसिस चांगलं झालं की एवढं होतंच. नंदा सिस्टरांनी सुरुवातीचा आणि शेवटचा, असे रक्ताचे दोन्ही नमुने ताडून पाहिले.

"एकाहत्तर टक्के युरिया निघाला, काका. पासष्ट पुरतात. पेढे द्या."

"मग निघू घरी?"

"ते जातील. ते एकाहत्तर. तुम्ही एकोणतीस."

जास्त भरेल तो घरी, हा तिथला नियम. लॅमिनेट करून दारावर लावलेला, तेव्हा वाद संपला.

पण टोणपे निवृत्त भूमापक. फेरमोजणीत जमीन कधी वाढत नाही, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. तरी म्हणाले, "नमुना घेताना तुम्ही पंप हळू केला नव्हता. आकडा फुगतो त्यानं. परत मोजा."

सिस्टरांनी पंप हळू करून परत मोजलं. अठ्ठ्याहत्तर. खुर्चीतल्याच्या बाह्या भरून आल्या.

तेवढ्यात टोणप्यांची बायको प्रमिला पिशवी घेऊन आली. दोघांकडे नीट बघून तिनं विचारलं, "कालची बटाट्याची भाजी कशी होती?"

"छान होती," टोणपे म्हणाले.

"भाजी कसली?" खुर्चीतला म्हणाला. "पथ्याची म्हणून दोनदा उकळलीस, दोनदा पाणी ओतलंस. चव त्या पाण्यात गेली. मग मोरीपाशी उगीच उभी राहिलीस."

प्रमिलानं त्याची कॉलर सरळ केली. "चला," ती म्हणाली. मग टोणप्यांना, "तुम्ही बसा हं. सिस्टरांना त्रास देऊ नका."

ती दोघं जिना उतरली.

"आणखी एकदा मोजा," टोणपे म्हणाले.

"मोजते की. पण काका, शीर सापडत नाही हो आता."

त्र्याण्णव. इतका चांगला आकडा तिथे कधी आलाच नव्हता. बाकीच्या खाटांवरून टाळ्या पडल्या, सुई नसलेल्या हातानं मांडीवर मारलेल्या.

टोणपे खिडकीशी गेले. खाली रिक्षा थांबली होती. प्रमिलानं त्या माणसाचं मनगट उचलून कानाला लावलं. डायलिसिससाठी मनगटात जोडलेली शीर, फिस्टुला, वाजतोय ना, हे ती रोज सकाळी असंच ऐकायची. बराच वेळ ऐकत राहिली. मग मनगट न सोडता तिनं वर पाहिलं.

टोणप्यांनी आपलं मनगट काचेला टेकवलं. मनगटातून आरपार त्यांना प्रमिला अगदी स्वच्छ दिसत होती, अजून कान देऊन उभी.