रिकाम्या पाटाचं पाप

"बोलो तौलबाबा की जय!" देवास गेटजवळच्या त्या धर्मशाळेत दर शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची. ब्याण्णवचा सिंहस्थ उरकला, बाकीचे साधू गेले, हे महाराज मात्र उज्जैनलाच चिकटले. छताला जाड स्प्रिंग, तिला टांगलेला लाकडी पाट, पाटाला काटा आणि मागे रंगवलेली फळी. वर हिरवा पट्टा पुण्याचा, मध्ये पिवळा, खाली लाल, तो पापाचा. भक्त बसला की चेला फळीवरचं भगवं कापड सारायचा, उतरण्याआधी पुन्हा झाकायचा. "रस्सी झूठ बोले, लोहा नहीं!" बाबा गरजायचे. काटा लालात गेला की उपास. महिनाभर भगरीवर काढलेल्या माणसाचा काटा वर सरकायचा आणि लोक रडत पाया पडायचे. उपाशी माणूस हलका होतो, हा चमत्कार आमच्या शहरानं तेव्हा नव्यानं पाहिला.

मीही हसत होते, माझी पाळी येईपर्यंत.

माझ्या सहा महिन्यांच्या अपूर्वाचा ताप उतरेना, तेव्हा माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला त्या पाटावर बसवलं. काटा लालात गेला. "माँ का दोष बच्ची पर है. काँटा हरे में आने तक अलग रखो." ताप डॉक्टरांच्या औषधानं गेला, मी मात्र मागच्या खोलीतच राहिले. दाराला बाहेरून कडी, दिवसाला वाटीभर भगर. भिंतीपलीकडे लेक रडायची आणि इकडे माझा पदर दुधानं भिजायचा.

"अहो, दार उघडा हो."

"थोडं सांभाळून घे ना, नंदा," शैलेंद्र बाहेरूनच म्हणायचे. "माईंशी फालतू झंझट नको."

पुढच्या खेपेला माझ्या आधी फ्रीगंजचे मिठाईवाले शेठ बसले. पाट जमिनीला टेकला. मग मी बसले. हाडं मोजावीत इतकी वाळले होते, तरी काटा पहिल्यापेक्षा खाली!

"देखा? छिपा हुआ पाप बाहर आ रहा है!"

लग्नाआधी मी शाळेत विज्ञान शिकवायचे. तरी सांगते, त्या दिवशी वाटलं, असेलही माझ्यातच काही वाईट.

खोलीत अपूर्वाचा रिकामा पाळणा होता, स्प्रिंगला टांगलेला. त्याच्याकडे बघवेना, म्हणून तो काढला आणि स्प्रिंगला पाण्याचा तांब्या अडकवला. दोन बोटं उतरली. दोन तांबे अडकवले, चार बोटं. तीन तांब्यांना सहा. भिंतीवर काजळाच्या खुणा सारख्या अंतरावर. ओझं काढलं की स्प्रिंग जागच्या जागी. इतक्यात पलीकडे पोर रडली. माझा संताप अनावर झाला आणि मी दोन्ही हातांनी त्या स्प्रिंगलाच लोंबकळले.

सोडली, तर ती पूर्ण वर गेलीच नाही. काही न टांगता दोन तांब्यांच्या खुणेवर थांबली. मला शेठ आठवले, आणि कितीतरी दिवसांनी हसू आलं.

शनिवारी पाटावर बसले. माई अपूर्वाला घेऊन समोरच उभ्या होत्या. काटा लालात. चेला कापड झाकायला वळला, तोच मी उडी मारून उतरले. रिकामा पाट झुलत राहिला आणि काटा हिरव्याच्या वर जायचा तो पिवळ्यातच थांबला.

"महाराज, आता पाटावर कोण बसलंय?"

बाबाही पक्के वस्ताद. "तेरा पाप! तू उतर गई, वो बैठा रह गया!"

जयजयकार झाला. मी हात पुढे केले. "मग माझा दोष गेला. माई, पोर द्या."

बाबांचाच शब्द. माईंना मोडवेना. अपूर्वा माझ्या कुशीत आली.

तेवढ्यावर घरी जाता आलं असतं. पण रांगेत मागे आणखी एक बाई उभी होती, खांद्यावर तान्हं.

"आता हे पाप उतरवून दाखवा," मी बाबांना म्हणाले. "काटा वर न्या."

बाबा मंत्र पुटपुटले, पाणी शिंपडलं. काटा हलेना.

"नाहीच जाणार," मी लोकांकडे वळले. "सोसेल तेवढं ओझं टांगा, लोखंड मूळ जागी परत येतं. हद्द ओलांडली की येत नाही. शेठ बसले तेव्हाच ही स्प्रिंग कामातून गेली. तेव्हापासून तुमच्यातला प्रत्येक जण जास्त पापी ठरतोय!"

"मतलब, पापी मैं नहीं, स्प्रिंग खराब?" गर्दीतून शेठच ओरडले. हशा पिकला. रांगेतली ती बाई हळूच मागे वळली आणि पोराला घट्ट धरून बाहेर पडली.

घरी पाळणा पुन्हा टांगला, तर पार जमिनीला लागला. "नवी स्प्रिंग आणतो," शैलेंद्र खाली बघत म्हणाले.

"आणा. आणि आधी त्या दाराची बाहेरची कडी उपटा."

कुणी तुमचं पाप तोलायला बसला, तर एवढंच करा. आधी त्याला रिकामा पाट तोलायला सांगा.