महादेवीच्या घरी गेलेला कॅमेरा

मी एक जुना, चावीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा आहे. माझ्यासारखा त्या काळी अख्ख्या सोलापुरात दुसरा नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. मुंबईच्या एका साहेबानं मला हौसेनं घेतलं आणि कंटाळून विकलं. फोटोवाल्या धोंडीरामांनी मला सोलापूरला आणलं. लग्नं, कुस्त्या, शाळांची संमेलनं, सगळं मी टिपलं. माझ्यापुढे आलं की भलेभले टोपी सावरायचे.

मित्रांनो, १९७४ साली धोंडीरामांनी गायिका महादेवीवर माहितीपट काढायला घेतला. सोलापुरी चादरीवरचं तिचं गाणं तेव्हा जिल्ह्यातल्या प्रत्येक लग्नात कर्ण्यावर वाजायचं. स्टेजवरची महादेवी सगळ्यांनी पाहिली होती, घरातली कुणीच नाही. तीच दाखवायची होती. तिनंही मोकळेपणानं सांगितलं, घरात कुठंही फिरा. भाकरी थापताना, भावावर कानडीत डाफरताना, कार्यक्रमाची साडी रफू करताना, आठ दिवस मी तिला टिपत होतो.

शेवटच्या सकाळी ती पूजेला बसली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटं शिवलिंग, काढून तिनं डाव्या तळहातावर घेतलं. कोवळं ऊन थेट त्या हातावर पडलं होतं. धोंडीरामांनी खिडकीबाहेरून माझी चावी फिरवली. इतका सुंदर तुकडा मी जन्मात टिपला नव्हता.

मुंबईहून फिल्म धुऊन आली. धोंडीरामांनी ती आधी महादेवीला आणि तिच्या आईला, निंगव्वांना, दुकानात पडदा लावून दाखवली. करपलेली भाकरी पाहून दोघी पोट धरून हसल्या. पूजा आली आणि निंगव्वांनी मान खाली घातली. इष्टलिंग परक्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही, ही त्या घराची रीत. धोंडीरामांना ती ठाऊकच नव्हती.

महादेवी शांतपणे म्हणाली, "दादा, माजं गाणं समद्यांचं हाय. ही येळ तेवढी माजी हाय."

त्या फिल्मला दुसरी प्रत नव्हती, आणि जाणकारांनी नावाजावं असं धोंडीरामांच्या हातून एवढंच झालं होतं. मलाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? शेवटी त्यांनी कात्री घेतली, तो तुकडा कापला आणि तिच्या हातात दिला.

रविवारी थिएटर खच्चून भरलं. मी धोंडीरामांच्या मांडीवर होतो. टाळ्या, शिट्ट्या चालल्या होत्या. मग पडद्यावर महादेवी खोलीत शिरली आणि पुढच्याच क्षणी अंगणात केस वाळवताना दिसली. लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "कॅमेरा लई जुना दिसतुया की."

पुढच्या रांगेत महादेवी बसली होती. धोंडीराम मागं वळून म्हणाले, "व्हय, जुना हाय. मधीच अडकतो."

मी आयुष्यात एकदाही अडकलो नव्हतो.

आता मी कपाटात असतो. भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला मऊ फडक्यानं पुसा, अधूनमधून चावी द्या. तो चालेल, मी खात्रीनं सांगतो. माझीही धूळ जरूर पुसा. अडकल्याचा ठपका मात्र राहू द्या. तो मला हवा आहे.