काचेत वर सरकणारे गाव

मित्रांनो, बुऱ्हाणपुरातल्या आपल्या शाळेच्या मागच्या फाटकातून आत आलात की कडुनिंबाखाली दोन आसनांचे एक पांढरे विमान उभे दिसते. तो मी. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या चाकांवर पाय ठेवून आत डोकावतात आणि विचारतात, "हे खरंच उडायचं का रे?" होय, मी उडायचो. माझे निम्म्याहून जास्त आयुष्य आकाशात गेले.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पातळ पत्रे खिळ्यांनी जोडून माझे अंग तयार केले, दोन्ही बाजूंना डोक्यावर पंख बसवले, पुढे एक लहानसे इंजिन आणि त्याला दोन पात्यांचा पंखा लावला. मग लाकडी खोक्यांत बसून मी समुद्रावरून भारतात आलो आणि खानदेशातल्या एका लहान धावपट्टीवरच्या फ्लाइंग क्लबात शिकाऊ वैमानिकांच्या सेवेला लागलो.

ते दिवस फार चांगले होते. रोज पहाटे कुणीतरी माझ्या काचा पुसायचे, तेल बघायचे, चाकांत हवा भरायचे. किती मुले-मुली माझ्या डाव्या आसनावर बसून पहिल्यांदा उडाली! कुणी मला जमिनीवर आपटले, कुणी हळुवार टेकवले. मी सगळ्यांना सांभाळून घेतले. पहिल्यांदा एकटे उडून आलेले प्रत्येक पोर खाली उतरल्यावर माझ्या नाकावरून हात फिरवायचे. त्या स्पर्शाची मला आजही आठवण येते.

शिकवायला नंदकुमार सर होते. बोलायचे कमी, पण एक गोष्ट ते प्रत्येकाला करायला लावायचे. उंचावर गेले की ते इंजिनाचा जोर एकदम कमी करायचे आणि म्हणायचे, "समज, इंजिन बंद पडलं. आता?"

मुलांचे चेहरे उतरायचे. मित्रांनो, तुम्हालाही वाटत असेल की इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली पडते. तसे नसते. उतारावर पायडल न मारता सायकल जशी जात राहते, तसा मी नाक थोडे खाली करून पुढे जात राहतो आणि हळूहळू खाली येतो. वैमानिक त्याला ग्लाइड म्हणतात. पण त्यात एक मेख आहे. मला फार जोरात नेले तर समोरची हवा मला अडवते आणि उंची भराभर संपते. फार हळू नेले तर पंखांना हवेचा आधार पुरत नाही आणि मी खाली बसू लागतो. या दोहोंच्या मधे एक वेग असा असतो की त्या वेगाने गेलो तर आहे तेवढ्या उंचीत मी सगळ्यात लांब पोचतो. माझ्या पुस्तकात तो वेग साठ नॉट, म्हणजे ताशी साधारण एकशे दहा किलोमीटर, लिहिला होता.

हिमानी आमच्याकडे आली तेव्हा मी बराच जुना झालो होतो. ती इथलीच, बुऱ्हाणपूरची. तिचे वडील सुरेश सर याच शाळेत विज्ञान शिकवतात. आई अलकाताई पोस्टात नोकरीला आहेत. हिमानी किरकोळ अंगाची, पण प्रश्न विचारायला कधी न थकणारी. एकदा नंदकुमार सरांबरोबर ग्लाइडचा सराव करून उतरल्यावर तिने विचारले, "सर, पुस्तकातला वेग भरलेल्या विमानाचा आहे ना? मी एकटी असेन तेव्हा वजन कमी. मग वेग तोच कसा राहील?"

सरांच्या चेहऱ्यावर हसू आले. "नाही राहणार. थोडा कमी होईल. किती, ते तूच शोधून आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती आणि हवा अगदी निश्चल. हिमानी मला एकटीच घेऊन निघाली. खाली रेल्वेची सरळ लाइन होती. स्टेशनच्या बरोबर वर ती इंजिनाचा जोर कमी करायची, एकच वेग धरून मला खाली येऊ द्यायची आणि ठरलेल्या उंचीला पोचल्यावर खाली काय आहे ते बघायची. मग पुन्हा वर. साठने आम्ही लोखंडी पुलाच्या थोडे अलीकडे राहिलो. पंच्याहत्तरने त्याहून बरेच मागे. मग तिने माझे नाक वर धरून पन्नासने आणले. मला वाटत होते, नाक वर आहे, म्हणजे मी लांब जाणार. तिलाही तसेच वाटत होते. पण माझे अंग थरथरू लागले आणि आम्ही पुलाच्या खूप अलीकडच्या रेल्वे फाटकापर्यंतच पोचलो. शेवटी पंचावन्न. त्या वेगाने आम्ही पुलाच्या बरोबर वर आलो. साठ आणि पंचावन्नमधला फरक फार मोठा नव्हता. पण नाक वर ओढून लांब जाता येत नाही, ही गोष्ट त्या सकाळी हिमानीच्या हातांना कळली.

त्याच सुमारास क्लबात नवी विमाने आली आणि मला पत्र्याच्या छपराबाहेर उभे केले गेले. ऊन, धूळ, पाखरांची घाण, सगळे अंगावर. माझ्या इंजिनाला तेल पोचवणारी एक नळी जुनी झाली होती. नंदकुमार सरांनी ती बदलायला सांगितली. "पुढच्या महिन्यात बघू," असे क्लबाचे उत्तर आले. पुढच्या महिन्यातही तेच उत्तर आले. नळी इंजिनाच्या मागे दडलेली होती, बाहेरून दिसत नव्हती. मग सगळेच तिला विसरले.

होळी होऊन गेली आणि हिमानीला एकटीने लांबचा प्रवास करायची परवानगी मिळाली. वाट बुऱ्हाणपूरवरून जात होती. आदल्या संध्याकाळी ती माझ्या पंखाखालच्या दांडीला टेकून आईशी फोनवर बोलत होती.

"मम्मी, उद्या सुबह गच्चीवर थांब. मी आपल्या घरावरून जाणार आहे. पंख हलवीन, मग समज मीच आहे."

पलीकडून अलकाताई काहीतरी म्हणाल्या. हिमानी हसली. "अगं, तुझा हात नाही दिसणार इतक्या वरून. पर तू हलव. मला पता असेल ना."

मलाही ते घर बघायची ओढ लागली. रात्रभर माझ्या मनात तीच गच्ची होती.

सकाळ स्वच्छ होती. आम्ही केळीच्या हिरव्यागार बागांवरून चाललो होतो. समोर तापीचे वळण चमकत होते, पलीकडे गाव, आणि खूप मागे असीरगडाची निळी रेघ. हिमानीने आपल्या गल्लीजवळची पाण्याची टाकी ओळखली. "दिसली!" ती एकटीच मोठ्याने ओरडली.

तेवढ्यात माझ्या पोटात काहीतरी फुटले. जळक्या तेलाचा वास आला. तेलाचा काटा खाली पडला, इंजिन खडखडले, आणि पुढचा पंखा जागच्या जागी थांबला. एवढी शांतता मी आकाशात कधी ऐकली नव्हती. फक्त पंखांवरून जाणारा वारा.

हिमानीच्या हातांनी सुकाणू मागे ओढले. घर समोर होते ना! टाकी दिसत होती, टाकीमागे गच्ची होती, गच्चीवर आई होती. माझे नाक वर झाले आणि वेगाचा काटा घसरला. पन्नास. त्याच्याही खाली. माझे अंग थरथरू लागले. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला हात धरता येत नाहीत. थरथरून सांगणे एवढेच मला येत होते.

"हिमानी, नाक खाली," ती स्वतःलाच म्हणाली. आवाज रडका होता. पण हात पुढे गेले. नाक खाली आले, काटा पंचावन्नवर येऊन थांबला आणि माझे थरथरणे बंद झाले.

मग तिने काचेतून टाकीकडे बघितले. नंदकुमार सरांनी शिकवले होते की ग्लाइडमध्ये जी जागा काचेत खाली सरकते ती आपल्या टप्प्यात असते, आणि जी वर सरकत जाते तिथे आपण पोचू शकत नाही. टाकी वर सरकत होती. नदीकाठही वर सरकत होता. गाव डोळ्यांसमोर हळूहळू उंच होत चालले होते.

हिमानीने ते क्षणभर बघितले. "मम्मी," एवढेच ती म्हणाली आणि तिने मला घराकडून वळवले.

उजवीकडे फोपनार गावाच्या बाजूला केळीच्या बागांमध्ये गव्हाचे एक कापलेले शेत पिवळे दिसत होते. ते काचेत खाली सरकत होते. वीटभट्टीचा धूर बघून तिने वाऱ्याची दिशा ठरवली, रेडिओवर संकट कळवले, इंधन बंद केले, आपटल्यावर अडकू नये म्हणून दार किलकिले केले. सारा वेळ काटा पंचावन्नवर होता. केळीची पाने माझ्या चाकांखालून निघून गेली. मग धसकटे करकरली, मी टेकलो, उसळलो, पुन्हा टेकलो. शेवटी बांध आडवा आला. पुढचे चाक मोडले आणि मी नाकावर बसलो. एक पंख दुमडला.

हिमानी बाहेर पडली. तिला खरचटलेसुद्धा नव्हते. ती मातीत बसली.

दगा नावाचे शेताचे मालक आणि त्यांची बायको मालूबाई धावत आले. मालूबाईंनी हिमानीला जवळ ओढले, तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवून बघितले.

"तुले कुठी लागलं तर नाही ना, बाई?"

"नाही मावशी. पण तुमचं शेत..."

"शेताले काय होते? गहू कव्हाच घरी गेला. तू आधी पाणी पे."

दगा माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि केळीच्या बागेकडे बघत राहिले. बागेत त्या वेळी त्यांच्या घरचीच माणसे केळी कापत होती. "थोडं इकडं-तिकडं झालं असतं तर..." ते म्हणाले.

हिमानीने फोन लावला. अलकाताईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"मी अजून गच्चीवरच आहे गं. ऊन चढलं. कुठे राहिलीस तू?"

"मम्मी, मी सेफ आहे. टेन्शन नको घेऊ." आणि मग आतापर्यंत धरून ठेवलेले सगळे सुटले. "मम्मी, घर दिसत होतं गं. समोर दिसत होतं. मी नाही येऊ शकले."

नंतर पुष्कळ लोक आले. हिमानीचे फोटो निघाले, क्लबात तिला हार घातला गेला, एक हार माझ्या मोडक्या नाकावरही पडला. नंदकुमार सरांनी माझे इंजिन उघडले, फुटलेली नळी बाहेर काढली आणि ती क्लबाच्या टेबलावर नेऊन ठेवली. आता तिथे प्रत्येक विमानाच्या नळ्या वेळेवर बदलतात असे ऐकतो. मला दुरुस्त करणे मात्र परवडणारे नव्हते. सुरेश सरांनी शाळेसाठी मला मागून घेतले. ज्या गावावरून मला उडत जायचे होते, त्या गावात मी ट्रकवर बसून आलो. पंख सोडवून शेजारी ठेवलेले, आणि इंजिनाच्या जागी नुसती पोकळी.

इथे माझा पंख सरळ करून दिला, पुढचे चाक बसवले, रंग दिला. पहिले काही दिवस रोज गर्दी व्हायची. मग गर्दी कमी झाली. वेग मोजण्यासाठी हवा आत घेणारी माझी नळी कुंभारमाशीने मातीने बुजवली. काटा शून्यावर आहे. आसनाचा कापूस बाहेर आला आहे. कुणीकुणी माझ्या अंगावर खिळ्याने नावे कोरली. मी रागावत नाही. तुम्ही येता हेच मला पुष्कळ आहे.

पण संध्याकाळी फार वाईट वाटते. आकाश तांबूस होते, खूप उंचावरून एखादे मोठे विमान पांढरी रेघ ओढत जाते. हिमानी आता तशी विमाने उडवते. वर गेलेले विमान तिचे आहे की नाही, मला कळत नाही. मी प्रत्येकच विमानाकडे ते दिसेनासे होईपर्यंत बघतो.

मागच्या दिवाळीत ती आईला घेऊन आली होती. अलकाताईंना तिने डाव्या आसनावर बसवले आणि स्वतः उजवीकडे बसली.  अलकाताईंनी सुकाणूवर हात ठेवला आणि विचारले, "हेच का ते?"

"हो. हेच पुढे ढकललं मी, आणि मग घराकडून वळले."

"मी खाली उभी होते तरी?"

"तू खाली उभी होतीस म्हणूनच, मम्मी."

 अलकाताईंनी पदराने माझी पुढची काच पुसली, आतून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. वैशाखात दुपारचे वादळ सुटते, तेव्हा तापीकडून येणारा वारा माझ्या पंखांखाली शिरतो. इंजिन नसल्याने मी फार हलका झालो आहे. वारा जोरात आला की माझी चाके जमिनीवर जड राहत नाहीत. तेवढ्या क्षणापुरते मला वाटते, आता जायचे. त्या क्षणासाठी मी वर्षभर थांबतो. पण माझ्या पंखांखाली तुम्ही डबे खाता, लहान मुले सावलीत झोपतात. मला बांधलेला डावीकडचा दोर उन्हाने कुजत आला आहे. वादळाचे दिवस यायच्या आत सरांना सांगून तो बदला. पुढच्या महिन्यावर टाकू नका. आणि नवा दोर बांधाल तेव्हा मी कितीही ओढ घेतली तरी सैल सोडू नका. घट्ट बांधा.